मोठ्या बाईंच्या शाळेचं पाणी

मोठ्या बाई मुख्याध्यापिका झाल्या तेव्हा शाळेच्या भिंतींना पोपडे आले होते आणि पालक शाळेचं नाव काढलं की नाक मुरडत. बाईंनी पदर खोचला. भिंती रंगवून घेतल्या, वर्गावर्गात उजेड आणला आणि पटांगणाच्या कडेला पांढऱ्या फरशीचा पाण्याचा कट्टा बांधला. त्यावर स्टीलच्या नळांची रांग. या कट्ट्यावर त्यांचा भारी जीव. पाहुणा कोणी का असेना, त्याला आधी तिथे नेऊन पेलाभर पाणी पाजायचं आणि "कसं आहे?" म्हणून विचारायचं. आता पाण्याला काय चव असणार? पण बाईंच्या नजरेपुढे सगळे "वा!" म्हणत.

यंदा शाळेला पन्नास वर्षं होत होती. समारंभाच्या आदल्या सकाळी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेची गाडी फाटकातून आत आली आणि तिच्यातून बाईंचीच लेक उतरली. घरात ती चिऊ, बाहेर मात्र पाणीवाल्या मॅडम. शाळा-शाळांतून, दवाखान्यांतून पाण्याचे नमुने घ्यायचे आणि त्यात डोळ्यांना न दिसणारं काय पोसलंय ते शोधायचं, हे तिचं काम.

बाई तिला मिरवतच कट्ट्याकडे घेऊन गेल्या. चिऊने हात धुतले, नळाचं तोंड पुसलं आणि छोट्या बर्नरची ज्योत त्याच्यावर धरली.

"मॅडम नळाला चटका देतायत!" पोरं ओरडली आणि हसून लोळायची बाकी राहिली.

चिऊही हसली. पाणी थोडं वाहू देऊन तिने बंद बाटलीत नमुना घेतला. दुसऱ्या नळीत थोडं पाणी घेऊन त्यात एक गोळी विरघळवली. क्लोरीन असेल तर गुलाबी रंग यायचा. रंग आलाच नाही म्हटलं तरी चालेल. चिऊचं हसू मावळलं.

"क्लोरीन फार कमी दिसतंय. बाकीचं उद्या सकाळी कळेल," ती म्हणाली.

"एवढं काचेसारखं पाणी आहे गं."

"काचेसारखं दिसतं म्हणून तर मला पगार मिळतो, आई."

दुसऱ्या दिवशी फाटकाला माळा लागल्या होत्या, खुर्च्या मांडून झाल्या होत्या. बाई नवी साडी नेसून कार्यालयात हार मोजून घेत होत्या, तोच चिऊ आली. आल्या आल्या तिने कार्यालयाचं दार लोटून घेतलं.

"बाई, शाळेचे नळ आत्ताच्या आत्ता बंद करावे लागतील."

बाईंना आधी खटकलं ते "बाई". पोटची पोर कधी असं बोलली नव्हती.

"नमुना पिवळा पडला," चिऊ सांगू लागली. "आणि अतिनील दिव्याखाली निळा चमकला. म्हणजे पाण्यात ई. कोलाय आहेत. हे जिवाणू माणसाच्या आतड्यात राहतात. ते पाण्यात आलेत म्हणजे कुठून तरी मैलापाणी मिसळतंय. आणि त्यांच्याबरोबर कावीळ, विषमज्वर, काहीही येऊ शकतं."

बाई खुर्ची ओढून बसल्या. "चुकला असेल तुझा तो नमुना."

"चुकू शकतो. म्हणून आज पुन्हा घेणार आहे. पण उत्तर येईपर्यंत मुलांनी ते पाणी प्यायचं का?"

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष आत आले. माणूस गोडबोल्या, रागावणं त्यांना माहीतच नव्हतं. सगळं ऐकून त्यांनी रुमालाने कपाळ टिपलं.

"नळ बंद करूच की. संध्याकाळी. पाहुण्यांसाठी बाटल्या मागवल्यात, त्यामुळे आत्ता काही अडत नाही."

"पाहुण्यांना बाटल्या आणि मुलांना नळ?" चिऊने विचारलं.

अध्यक्ष बाईंकडे वळले. "तुम्हीच समजवा. आपल्या घरचीच मुलगी आहे. एक दिवस अहवालाचा कागद इकडचा तिकडे झाला तर आभाळ कोसळणार आहे का?"

चिऊने आईकडे पाहिलं. लहानपणी चूक कबूल करून शिक्षेची वाट बघत उभी राहायची, अगदी तशीच ताठ ती आत्ता उभी होती. बाईंच्या मनात आलं, या पोरीने रात्री डोळ्याला डोळा लावला नसणार. गुलाबी रंग आला नाही तेव्हाच तिला अंदाज आला असणार, की उद्या आईच्या समारंभावर पाणी फिरवायचंय ते आपल्यालाच. आणि तरी ती दुसऱ्या कोणाला न पाठवता स्वतः आली होती.

बाई उठल्या. "अध्यक्षसाहेब, ही आज घरची मुलगी म्हणून आलेली नाही. ती मॅडम आहे. आणि मॅडमनी सांगितलंय, नळ बंद."

शिपायाला घेऊन त्या स्वतः कट्ट्यावर गेल्या आणि मुख्य चावी फिरवून आल्या. पाहुण्यांच्या बाटल्यांचे खोके त्यांनी सरळ वर्गांत पाठवले.

समारंभ सुरू झाला तो बाईंच्या बोलण्याने. लिहून आणलेलं भाषण त्यांनी टेबलावरच ठेवलं. "शाळेच्या पाण्यात दोष सापडला आहे. नळ बंद केले आहेत. घरी मुलांना उकळलेलं पाणी द्या. ज्यांच्या मुलांचं पोट बिघडलंय त्यांनी लपवू नका."

सभेत एकच गलका झाला. एक बाप उठून उभा राहिला. "माझा मुलगा परवापासून जुलाबांनी हैराण आहे! आणि तुम्ही आज सांगताय?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तोवर चिऊ मंचावर आली होती. "कळलं तेव्हा लगेच सांगितलंय, काका," ती म्हणाली. "तो लघवीला जातोय ना? तोंड कोरडं पडलंय का? उलट्या?" बाप आधी घुश्शातच बोलत होता, मग हळूहळू नीट उत्तरं देऊ लागला. "मग इथे थांबू नका. आमची गाडी आहे, त्याला घरून घ्या आणि दवाखान्यात न्या. वाटेत उकळून गार केलेल्या पाण्यातून जलसंजीवनी घोट घोट पाजत राहा." बाप गाडीकडे पळाला. मग तिने बाकीच्यांना सगळं सांगितलं, कोणाला न घाबरवता आणि काही न झाकता. मागच्या रांगेतल्या आज्याही माना डोलवायला लागल्या. बाईंनी उभा जन्म वर्गात शिकवण्यात घालवला होता. असं शिकवताना त्यांनी फार थोड्यांना पाहिलं होतं.

पाहुणे गेले, पण पालक हलेनात. चिऊने पुन्हा नमुने घेतले आणि मग नळांना पाणी पुरवणारी जमिनीखालची टाकी उपसायला लावली. बाईंनी ती वरून पांढरीशुभ्र रंगवून घेतली होती. आत कोपऱ्यात भिंत तडकली होती आणि तड्यातून झाडाची मुळं केसांसारखी लोंबत होती. अलीकडेच, तीन पावलांवर, नवं स्वच्छतागृह झालं होतं. चिऊने त्याच्या चेंबरमध्ये हिरवा रंग ओतला आणि सगळे टाकीभोवती वाकून उभे राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. अध्यक्ष "बघा, मी म्हणत होतो..." असं म्हणायला आणि तड्यातून हिरवी धार झिरपायला एकच गाठ पडली.

अध्यक्ष कोटाच्या बाह्या मागे सारून म्हणाले, "माझी नातवंडंही हेच प्यायलीत. उद्याच फोडा ही टाकी."

नवी टाकी जमिनीवर बांधली गेली, मैल्याची नळी पार दुसऱ्या बाजूने फिरवली. आजारी पोरं बरी होऊन वर्गात परतली. त्या बापाचा मुलगाही आला, आणि दवाखान्यात आपल्याला सुई टोचली तरी आपण रडलो नाही, असं सगळ्यांना सांगत सुटला. नमुने लागोपाठ चांगले आले तेव्हाच चिऊने पुन्हा नळ सोडू दिले.

गोष्ट गावभर झाली. शाळेची नाचक्की होईल म्हणून बाईंनी मनाची तयारी केली होती, पण झालं उलटंच. इतर शाळांच्या मुख्याध्यापकांचे फोन यायला लागले. आमचीही टाकी बघायला सांगा ना. तुमचीच मुलगी ना ती?

"हो, माझीच," बाई म्हणत, आणि हे सांगताना त्यांचा आवाज कार्यालयाबाहेर बसलेल्या शिपायालाही ऐकू जाई. "पण तिला माझी ओळख सांगू नका, उपयोग नाही. आईच्या शाळेचे नळ बंद केलेत तिने. तुमची काय गय करणार!"