शिकायला पुरे

सूनबाईने थिनरमध्ये बुडवलेली चिंधी पिळली आणि पुतळ्याचा उजवा गाल तिसऱ्यांदा पुसला. गुलाबी शिंतोडे आधी पसरले, मग फिके झाले, मग चिंधीत गेले. खालचा त्वचेचा रंग भट्टीत पक्का झालेला होता, त्याला काही होत नव्हतं. व्हायचं ते सूनबाईला होत होतं.

तिने रंग फवारणारा एअरब्रश पुन्हा हातात घेतला. पेनासारखा धरायचा, तर्जनी खटक्यावर ठेवायची. खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. सुरुवात करताना आधी हवा, थांबताना हवा शेवटी. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने हे धडाधड सांगितलं असतं. तिने दाबलं, हवा आली. हळूच मागे ओढलं, काही नाही. केसभर आणखी ओढलं, तरी काही नाही. मग जरासंच आणखी, आणि ती नळी चक्क शिंकली. गालावर सात-आठ टपोरे थेंब बसले. एक जाऊन कानाच्या जागी पडला. कानाच्या जागी म्हणायचं, कारण या डोक्याला उजवा कान नव्हताच. सरावासाठी तिला मिळायची ती सगळी डोकी अशीच, नाकाडोळ्याने कुठे ना कुठे उणी, साच्यातून निघताना मोडलेली.

"आई, काय चुकतंय माझं?"

शेजारच्या स्टुलावर काकू भुवई काढत होत्या. भुवई पूर्ण होईपर्यंत काकू श्वाससुद्धा जपून घ्यायच्या, उत्तर तर दूरच. शेवटचा केस काढून झाल्यावर त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"मला काय विचारतेस? मी काय फवारणीवाली आहे?"

कपड्यांच्या दुकानांत काचेमागे उभे असतात ते पुतळे बनवणारा हा कारखाना. साचेवाला धडं, हातपाय आणि डोकी काढायचा, सूनबाई ती घासून गुळगुळीत करायची, आणि काकू त्या टकल्या, आंधळ्या डोक्यांना चेहरा द्यायच्या. काकू सूनबाईच्या खऱ्याच सासूबाई. म्हणून तर कारखान्यात तिला सगळे सूनबाईच म्हणायचे, मालकसुद्धा. एकतीस वर्षांत काकूंना एकही भुवई पुसावी लागली नव्हती. म्हणजे, काकू स्वतः तसं सांगायच्या, आणि ते खोटं म्हणायची कोणाची बिशाद नव्हती. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. मालकांना अरे-तुरे करणाऱ्या त्या एकट्याच. मालक शाळेतून येऊन याच कारखान्यात रिकाम्या खोक्यात झोपायचे, ते दिवस त्यांनी पाहिले होते.

एका मोठ्या दुकानाने बारा पुतळे मागवले होते. अट एकच होती, गाल असे हवेत की रंग कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते दिसता कामा नये. ब्रशने कडा दिसायची, स्पंजने छिद्रं दिसायची. एअरब्रशला पर्याय नव्हता. मालक सूनबाईला घेऊन रंगसामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने काउंटरवर दोन ठेवले, एक शिकाऊ लोकांचा आणि एक चांगला. सूनबाईने दोन्ही हातात घेऊन पाहिले. पहिल्याचा खटका अडखळत मागे जायचा, जसा कुरकुरता दरवाजा. दुसऱ्याचा बोटाखाली सरकला तेव्हा तिला वाटलं, बोटाला जे म्हणायचंय ते याला आधीच कळतंय. तिने दोन्ही काउंटरवर परत ठेवले. तीन वर्षं घासकाम करणाऱ्या बाईने पहिल्याच दिवशी चांगला मागायचा म्हणजे लोक म्हणणार, बघा, शेफारली.

"नवशिक्याला सगळे हाच देतात," दुकानदार पहिला पुढे सरकवत म्हणाला.

"शिकायला पुरे," मालक म्हणाले. "हात बसला की मग बघू."

परत येताना त्यांनी तिला स्पष्टच सांगितलं होतं. शनिवारपर्यंत जमलं तर बारा चेहऱ्यांचे गाल तिचे, आणि पुढेही चेहऱ्यांच्या टेबलावर तिची जागा पक्की. नाही जमलं तर डोकी बाहेरच्या रंगाऱ्याकडे जातील आणि ती पुन्हा घासकामावर. यात वावगं काहीच नव्हतं, म्हणून तर तिला ते जास्त लागलं.

आज गुरुवार होता. तिने शेवटचे शिंतोडे पुसलेच नाहीत. ते बिनकानाचं डोकं तसंच टेबलाच्या टोकाला सरकवलं आणि हात धुवायला गेली.

दोघी चालत घरी निघाल्या.

"उद्यापासून मी परत घासायला बसते," सूनबाई म्हणाली. "शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? माझा हातच जड आहे."

"हात जड आहे हे कोणी सांगितलं?"

"दिसतंय ना. तुमच्या भुवया बघते मी रोज. तुम्हाला कोणी सांगावं लागलं होतं का, ब्रश कसा धरायचा ते?"

 पुढच्या कोपऱ्यावर थांबून काकूंनी चपलेतला खडा काढला, त्याला बराच वेळ लावला, आणि मग म्हणाल्या, "उद्या घासायला बसू नकोस. मागच्या खोलीत हातांची खोकी आहेत. डावे-उजवे सगळे एकत्र झालेत. ते वेगळे कर."

सूनबाईच्या मनात आलं, बघा, यांनीही माझ्यावर पाणी सोडलं.

शुक्रवारी दुपारी ती मागच्या खोलीत जमिनीवर बसून पुतळ्यांचे हात वेगळे करत होती. उजवे एकीकडे, डावे दुसरीकडे. कोणी पर्स धरायला वाकलेले, कोणी कमरेवर ठेवायचे, कोणी कशासाठीच नसलेले. साचेवाला जेवून अंगणात पडला होता. भिंतीपलीकडे हवेचा कॉम्प्रेसर सुरू झाला, थोडा वेळ गुरगुरला, बंद पडला, पुन्हा सुरू झाला. साचेवाला उठलेला दिसतोय, तिला वाटलं. त्याला साच्यातली धूळ हवेने उडवायची सवय होती. अर्धा तास ते चालू-बंद चालूच राहिलं. तिने कानाडोळा केला.

ती बाहेर आली तेव्हा साचेवाला अजून अंगणातच घोरत होता. काकू आपल्या स्टुलावर, पाठ ताठ, भुवईत गढलेल्या. थिनरचा वास जरा जास्तच होता. आणि काकूंच्या चष्म्याच्या काचेवर, अगदी कोपऱ्यात, एक गुलाबी ठिपका होता.

"आई, चष्म्याला काहीतरी लागलंय."

"लागलं असेल," काकू म्हणाल्या. "हात झाले वेगळे?"

"डावे अकरा जास्त आहेत."

"मग साचेवाल्याला सांग, झोप पुरे."

शनिवारी मालक आले ते सरळ टेबलापाशी. सूनबाई उभी राहिली. काय बोलायचं ते तिने रात्रीच ठरवून ठेवलं होतं, चार शब्दांत, रडगाणं न गाता. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात काकू उठल्या. टेबलाच्या टोकाचं बिनकानाचं डोकं त्यांनी उचललं आणि मालकांच्या हातात दिलं.

"हे बघ."

मालकांनी डोकं उजेडाकडे फिरवलं. गालावर देवी आल्यासारखे गुलाबी थेंब. त्यांचा चेहरा उतरला. खरं तर त्यांनाही सूनबाईला जमावंसंच वाटत होतं. "म्हणजे नाही जमलं तर."

"नाही जमलं," काकू म्हणाल्या. "मला."

साचेवाल्याने हातातली कानस थांबवली. सूनबाईला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"तुम्हाला?" मालक म्हणाले. "काकू, हे तुम्ही केलंय?"

"काल दुपारी बसले होते त्या नळीला घेऊन. अर्धा तास. हवा दिली, रंग ओढला, सगळं रीतसर. थुंकते ती. करून दाखवू?"

मालकांनी नको म्हणून हात हलवला. ते त्या डोक्याकडे, मग काकूंच्या बोटांकडे, मग पुन्हा डोक्याकडे बघत राहिले. काकूंच्या हातून गाल बिघडू शकतो ही गोष्ट त्यांच्या गळी उतरेना. दुसरी गोष्ट मात्र चटकन उतरली.

"मग हे हत्यारच भंगार आहे."

"आत्ता कळलं," काकू म्हणाल्या. "अरे, मुरलेल्या हाताला वाईट हत्यार दिलं तर तो शिव्या देतो आणि फेकून देतो. नवशिक्याला दिलं तर तो बिचारा हातालाच दोष देतो. चूक हाताची की हत्याराची, हे त्याला कळायचं कसं? तुझ्या वडिलांनी मला पहिला ब्रश दिला तो अर्धा टकला होता. म्हणाले, शिकायला पुरे. दीड वर्ष मी घरी जाऊन रडले. भुवया कशा, झाडू मारल्यासारख्या. मग एक दिवस त्यांचा स्वतःचा ब्रश त्यांच्या नकळत उचलला आणि एका दमात दोन्ही भुवया काढल्या."

कारखान्यात ही गोष्ट कोणी कधी ऐकली नव्हती. सूनबाईने तर घरीही ऐकली नव्हती. एकतीस वर्षांत न पुसलेल्या भुवयांच्या आधी दीड वर्ष नुसतं पुसण्यात गेलं होतं, हे काकूंनी कसं कोण जाणे हिशेबात धरलंच नव्हतं.

मालकांनी ते डोकं खाली ठेवलं आणि खिशातून फोन काढला. दुकानदाराशी बोलताना ते थोडे खाकरले. "हो, दुसरा. चांगला तो. हो हो, नवशिक्यालाच." फोन ठेवून म्हणाले, "सोमवारी येईल. काकू, मग हे बारा चेहरे तुम्हीच पुरे करणार?"

"मी भुवया करते. गाल सूनबाईचे. एक डोकं बाहेर जाणार नाही."

"आणि नव्यावरही नाही जमलं तर?"

"तर चूक तिची," काकू म्हणाल्या. "मग मीच तिला घासायला बसवीन. तुला सांगायला यावं लागणार नाही."

मालक गेले. साचेवाला पुन्हा कानस चालवायला लागला, पण नेहमीपेक्षा हळू, कान इकडेच ठेवून. सूनबाईने टेबलावरचं डोकं उचललं. तिचे कान तापले होते.

"आई, हे माझं डोकं आहे. गुरुवारचं."

"मला माहीत आहे."

"मग खोटं का बोललात? मला कोणी पदराखाली घ्यायला नकोय. माझं बिघडलं ते माझं बिघडलं. मी सांगणारच होते त्यांना." तिचा आवाज चिरकला, त्याचाही तिला राग आला.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, उलट जरा खुशीच होती, जशी बाजारात हवी ती वस्तू सापडल्यावर असते.

"मी बसले नव्हते असं तुला कोण म्हणालं? इकडे ये."

त्या सुकायला ठेवलेल्या डोक्यांच्या मांडणीपाशी गेल्या. खालच्या फळीवर, सगळ्यात मागे, एक डोकं भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. काकूंनी ते काढलं, आणि आधी साचेवाल्याची पाठ इकडे आहे ना ते बघून मगच फिरवलं.

नाकाचा शेंडा उडालेलं डोकं होतं. गालावर थेंब नव्हते, ओघळ होते. गुलाबी रंग गालावरून जबड्यावर, जबड्यावरून गळ्यापर्यंत उतरला होता. नाकावर एक भला मोठा डाग. कपाळावरसुद्धा शिंतोडे, आणि कपाळाचा तर गालाशी काही संबंधच नव्हता. सूनबाईने ओठ दाबून धरले. मग धरवेना.

"हसू नको," काकू म्हणाल्या.

"नाही हसत."

"हसतेस."

"मग हे का नाही दाखवलंत मालकांना? तुमचं खरं हेच ना?"

काकूंनी चष्मा काढला. काचेच्या कोपऱ्यातला गुलाबी ठिपका त्यांना आत्ता दिसला. नखाने त्या तो खरवडत राहिल्या.

"छाती झाली नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुझं बरं होतं."

सूनबाई तिथेच उभी राहिली. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, कारखान्यात येऊन तीन. इतक्या वर्षांत या बाईने तिच्या पोळीला, शिवणाला, घासकामाला कशालाच बरं म्हटलं नव्हतं. तिने दोन्ही डोकी शेजारी शेजारी धरली, एक बिनकानाचं आणि एक बिननाकाचं. खरंच, तिचं बरं होतं. थेंब होते, पण सगळे गालावर होते, जिथे रंग पडायला हवा तिथेच. 

काकूंनी थिनरची बाटली आणि चिंधी घेतली होती. सूनबाईने बिननाकाचं डोकं मागे ओढलं.

"पुसू नका. राहू द्या."

"कशाला? प्रदर्शन मांडायचंय?"

"सोमवारी नवा येईल. माझा हात थरथरला तर मला बघायला लागेल."

काकूंनी बाटलीचं झाकण लावलं. स्टुलावर जाऊन बसल्या, पाठ ताठ केली, ब्रशचं टोक ओठात धरून बारीक केलं. अर्धी भुवई काढली. मग मान न वळवता म्हणाल्या,

"ठेव. पण तोंड भिंतीकडे."