उंबऱ्यावरचा बाक

मध्यस्थ दोन्ही बाजूंनी मिळून निवडायचा, असं ठरलं तेव्हा शाळेनं आणि आईबापांनी एकच नाव सुचवलं. काकासाहेब. उभी हयात जमीनमोजणीत गेलेली, निवृत्तीनंतर हर्सूलला घर. भावाभावांतले बांधाचे तंटे मिटवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आता तंटा जमिनीचा नव्हता, चौथीतल्या प्रेरणाचा होता. पण तंटा तो तंटा, असं सगळ्यांचं मत पडलं. प्रेरणाच्या आईचं, मोनालीचं, कशावरच मत पडायचं थांबलं होतं.

प्रकरण एवढंच, की प्रेरणा बोलत नाही. बाकावर बोटांनी ताल धरते, आणि धरला की सोडत नाही. वर्गाला त्रास होतो म्हणून दिवाळीनंतर शाळेनं तिला खेळाच्या सामानाच्या खोलीत एकटीला बसवायला सुरुवात केली. मोनालीला ती वर्गात हवी होती. हे तिनं इतक्या टेबलांपुढं सांगितलं होतं, की आता तोंड आपोआप सांगायचं आणि ती खिडकीबाहेर बघत राहायची.

"बोला, दावा काय?" काकासाहेबांनी विचारलं.

"लेकरू वर्गात बसावं," मोनालीचं तोंड म्हणालं.

"आणि तुमचा?"

"वर्गाबाहेर," मुख्याध्यापिका शीलाबाई म्हणाल्या. "प्रेमापोटीच म्हणतोय आम्ही."

"प्रेमाची नोंद घेतली. चला, जागा दाखवा."

स्थळपाहणीशिवाय काकासाहेब निकाल देत नसत. चौथीच्या वर्गात त्यांनी पावलं टाकून पाहिली, भिंतीवर हात ठेवून पाहिला, खडू मागितला. गणित थांबल्यामुळं पोरं खूश होती. शेवटी उंबऱ्यावर येऊन त्यांनी रेघ मारली.

"बाक इथं. अर्धा आत, अर्धा व्हरांड्यात. दोघांचंही राहिलं."

"दार लागणार नाही, काकासाहेब."

"मग उघडं ठेवा. हवा येईल."

मोनालीचा नवरा कृष्णा तिच्या कानाशी आला. "घेऊन टाक गं. अर्धं तर अर्धं. शेंद्र्याच्या कंपनीतली माझी शिफ्ट चुकायली."

मोनालीनं तडजोडीच्या कागदावर सही केली. आता वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. मुंग्या आलेल्या पायाला चिमटा काढून बघावा, तसं तिनं आत चाचपून पाहिलं. काही लागलं नाही.

बाक आला, प्रेरणाला आणलं. व्हरांड्यात वारं होतं. ती बाहेरच्या टोकाला बसली आणि तिनं ताल धरला.

"बघा! पोरीनंच निवडलं," शीलाबाईंचा चेहरा उजळला. "आम्ही काय वेगळं म्हणत होतो?"

"खूश हाय ती," कृष्णा म्हणाला. "चल आता."

बाकाचं आतलं टोक रिकामं होतं. करमाडला सासऱ्यांनी रानाचा एक कोपरा साल-दोन साल पडीक ठेवला आणि शेजाऱ्यानं तो नांगरून घेतला, हे मोनालीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. रिकामं टोक उद्या व्हरांड्यात ओढलं जाणार, हे तिला कुणी समजावायला नको होतं. ती गेली आणि तिथं बसली.

"अहो ताई, पालकांना वर्गात बसता येत नाही!"

"आमच्या अर्ध्यात बसले मी, मॅडम."

"काकासाहेब, सांगा ना यांना!"

काकासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वहिवाट सुरू झाली, बाई. आता उठवायचं म्हणजे नवा दावा. चहा सांगितला होता, त्याचं काय झालं?"

कृष्णा बाकाजवळ वाकला. "कितीक दिवस बसणार तू?"

"ती सरकून आत येईस्तोवर."

त्यानं लेकीकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि गेला.

वर्गाच्या बाईंनी जरा वाट बघितली. मग गणित पुढं चालू केलं. मागं ताल चालूच होता, तेव्हा त्यांनी आवाज चढवला. मोनालीनं प्रेरणाच्या दप्तरातून पुस्तक काढलं आणि पुढच्या बाकावरच्या पोरीला विचारलं,

"कितवं पान गं?"