चटईवर ठेवलेली पदवी

त्या खोलीला खिडकी नव्हती. गव्हाची रोपं दिव्यांच्या उजेडात वाढायची आणि पंखा सतत घुमायचा. आत जाताना अंगावरचा कोट बदलून, हात कोपरापर्यंत धुऊन जावं लागायचं, कारण एका कप्प्यातला तांबेरा, म्हणजे गव्हाच्या पानांवरची बुरशी, दुसऱ्या कप्प्यात गेला की सगळी मेहनत फुकट. दिवसभरात बाहेर पाऊस पडून गेला की ऊन होतं, हे मला संध्याकाळी डॉट सांगायची. डॉट वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. तिचा बाप मेंढ्या पाळायचा आणि ती मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवर संशोधन करायची.

आमच्या टोंगाच्या बेटांवर गव्हाचं एकही रोप उगवत नाही. पण त्या वर्षी ऑस्ट्रेलियाची शिष्यवृत्ती होती ती गव्हाच्या तांबेऱ्यावर, आणि तिच्यासाठी पात्र ठरलेली मी एकटी. "दारात आलेल्या पाहुण्याला कुणी परत पाठवतं का?" वडील म्हणाले. ते गावच्या चर्चमध्ये प्रवचन द्यायचे. घरातही त्यांचं बोलणं तसंच असायचं. शेवटी आपण फक्त आमेन म्हणायचं.

मी आमेन म्हटलं. एम.एस्सी. दोन वर्षांची होती. दोन वर्षं काढायची, परत जायचं आणि मुलींच्या शाळेत शिकवायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्यासाठी जागा धरून बसल्या होत्या.

आता मी सत्तरी कधीच ओलांडली आहे, पण ते थंड, कोरडं गाव जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं. आमच्या वसतिगृहात शुक्रवारी मासे असायचे, रविवारी भाजलेलं मटण आणि रोज त्याच्या जोडीला भोपळा. जेवणाआधी सगळे उभे राहायचे, मग वसतिगृहाचे प्रमुख लॅटिनमध्ये काहीतरी पुटपुटायचे आणि कुणाला काही कळायचं नाही. आम्ही संशोधन करणारी मंडळी काळे झगे घालून बसायचो. प्रत्येकाच्या बाहीला रस्सा लागलेला असायचा. आठवलं की हसू येतं. तिथे असताना मला एक दिवसही करमलं नाही, आणि आता त्याच दिवसांची आठवण काढत बसते.

दुसऱ्या वर्षी संशोधक विद्यार्थ्यांची भाषणस्पर्धा झाली. आपलं काम घरच्या माणसाला समजेल असं सांगायचं होतं. माझ्या घरच्यांनी गहू पाहिलेलाच नव्हता. म्हणून आमच्याकडे वादळाची गोष्ट सांगतात तशी मी तांबेऱ्याची गोष्ट सांगितली: आधी एका पानावर ठिपका, मग शेत, मग मुलूख. मला पहिलं बक्षीस मिळालं. बेटांवरून आलेल्या मुलीला असं बक्षीस तिथे आधी मिळालं नव्हतं. माझा फोटो विद्यापीठाच्या माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर गेला. कार्यालयातल्या कुणा भल्या माणसानं त्याची एक मोठी प्रत माझ्या घरी पाठवून दिली.

मग पेंडलबरीबाईंनी मला बोलावलं. त्या माझ्या मार्गदर्शक.

"बस, लाइने. आधी केक घे." त्या दर महिन्याला स्वतः केक करून आणायच्या. "एम.एस्सी. विसर आता. तुझं काम मी डॉक्टरेटकडे वळवून घेतलंय. आणखी तीन वर्षं शिष्यवृत्ती, शिवाय एक वर्ष कॅनडातल्या प्रयोगशाळेत."

"पण बाई, मी तर ऑगस्टमध्ये घरी..."

"समितीत सगळे पुरुष होते. एकेकाशी भांडले मी." त्यांचे डोळे चमकत होते. "माझ्या वेळी माझ्यासाठी कुणी भांडलं नव्हतं गं. शुक्रवारच्या समारंभात बक्षीस देताना कुलगुरू हेही जाहीर करतील. त्याआधी तुझ्या तोंडून 'हो' ऐकायचंय. तसं ते आहेच म्हणा."

एवढ्या मायेनं बोलणाऱ्या बाईला काय म्हणणार? मी केक खाल्ला.

"रडतेस काय?" रात्री खोलीवर डॉटनं विचारलं. "मला दिली असती तर टेबलावर चढून नाचले असते."

"घे मग."

"मुखपृष्ठावर मेंढपाळाची पोर कोण लावणार? नको असेल तर सरळ नाही म्हण ना."

"कुणाला? पेंडलबरीबाईंना? तू म्हणून बघ."

डॉटनं जरा विचार केला. "नको बाई," ती म्हणाली.

माझी एकच आशा उरली होती. वडिलांनी 'घरी ये' म्हटलं तर बाईंचा इलाज चालणार नव्हता. आणि नेमक्या गुरुवारी टोकिलुपे आत्या आल्या.

त्या सिडनीला, गोदीत काम करणाऱ्या आपल्या मुलाकडे आल्या होत्या, तिथून आगगाडीनं माझ्याकडे. काळा पोशाख आणि कमरेला गुंडाळलेली विणीची चटई, असा पुरता मानाचा थाट करून त्या फलाटावर उतरल्या. आमच्यात वडिलांची थोरली बहीण म्हणजे घरातलं मानानं सगळ्यात उंच माणूस. वडीलसुद्धा तिच्यापेक्षा खाली बसतात. लग्न असो की मयत, चटया आधी तिच्यापुढे येतात. ती घेते, आणि मग तिला वाटेल त्याला वाटून टाकते. भावाच्या मुलांकडे तिनं काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. लहानपणी माझी पांढरी कोंबडी आत्यांनी अशीच मागितली होती. संध्याकाळी ती शेजारणीच्या अंगणात दाणे टिपत होती.

आत्या माझ्या पलंगावर बसल्या, मी खाली. डॉटनं दारातून डोकावून इंग्रजीत विचारलं, "ही तुझी आत्या? कमरेला सतरंजी का बांधलीय?"

"ती म्हणते, तुमचा पोशाख छान आहे," मी आत्यांना सांगितलं.

"खोटं बोलतेस. तिचं तोंड दिसतंय मला." आत्यांनी डॉटला हात केला आणि माझ्याकडे वळल्या. "तुझा फोटो आला बरं का. तुझ्या बापानं चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, आपली लाइने डॉक्टर झाली."

"आत्या, ते नुसत्या भाषणाचं बक्षीस होतं!"

"असेल. गावजेवण झालं. डुकरं भाजली, दोन गावांचे गायक आले. तुझ्या आईनं आणि सगळ्या बायकांनी मिळून विणलेली मोठी चटई माझ्यापुढे ठेवली, तुझ्या डॉक्टर होण्याची. मी घेतली."

"घेतली?"

"पुढ्यात ठेवल्यावर काय करू? पायानं ढकलू?"

आत्यांनी लग्नाची चटई घेतली की लग्न झालं. नावाची घेतली की मुलाला ते नाव लागलं. जी पदवी मी अजून सुरूही केली नव्हती, ती घरी होऊन गेली होती. ऑगस्टमध्ये साधी एम.एस्सी. घेऊन उतरले असते, तर वडिलांना चर्चमध्ये पुन्हा उभं राहता आलं नसतं. इकडे बाई, तिकडे सगळं गाव. दोन्ही दारांत माझं कौतुक करणारी माणसं उभी, आणि मला बाहेर पडायला वाट नाही.

बाईंनी केक देत काय ठरवलंय, ते रात्री मी आत्यांना सांगितलं. शुक्रवारी सकाळी त्या म्हणाल्या, "तू काम करतेस ती जागा दाखव."

"चटई बाहेर ठेवावी लागेल आत्या. तिला तांबेरा चिकटेल."

"राणीच्या मयतातही मी ही सोडली नव्हती," असं म्हणत त्यांनी ती सोडली, घडी करून माझ्या हातात दिली, हात धुतले आणि पांढरा कोट चढवला. आत आल्यावर त्या रोपांच्या रांगांपुढे वाकल्या.

"गव्हालाही आजार होतो?"

"होतो."

"आणि तू बरा करतेस?"

"नाही. मी त्याला आजारी पाडते. मग ठिपके मोजते."

आत्या मोठ्यानं हसल्या. मग त्यांनी भिंतींवरून नजर फिरवली. "खिडकी कुठाय?"

"नाहीये."

"इथे गातेस का कधी?"

"नाही. पंख्यात आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही."

आमच्या घरात मी सगळ्यांत जास्त गायची. आत्या एक बादली उलटी करून तिच्यावर बसल्या. मी जमिनीवर.

"खरं सांग पोरी. तुला हे हवंय?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. वडिलांनी नाही, बाईंनी नाही. "नको," मी म्हटलं. "मला घरी यायचंय."

"मग दे मला."

"काय?"

"हे सगळं. तुझी डॉक्टरकी. भावाच्या मुलीकडे मी मागतेय. मी नेली म्हटल्यावर तुझा बाप तोंड उघडणार नाही, गावही नाही. आणि त्या केकवाल्या बाईला सांग, आमच्या घरी आत्याला नाही म्हणत नाहीत."

असं कधी झाल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण त्यात चुकीचं काहीच नव्हतं. कोंबडी मागता येते, तर हीही मागता येईल. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि मनातल्या मनात सामान बांधायला लागले. शाळेचा व्हरांडा, फळ्याचा वास, संध्याकाळची गाण्याची तालीम, सगळं हाताशी आल्यासारखं वाटलं.

आत्या माझ्या केसांवरून हात फिरवत होत्या. "सियालेला देईन," त्या म्हणाल्या.

मी मान वर केली. सियाले माझी धाकटी बहीण.

"तिला कशाला?"

"चटई घेतलीय मी. ती हवेतल्या गोष्टीसाठी कशी ठेवून घेऊ? घरात कुणीतरी डॉक्टर व्हायलाच हवं. सियाले सोळाची आहे, आकड्यांत तुझ्याहून चलाख. तिला इथेच पाठवू. हीच बाई, हीच खोली. ओळखीची जागा आहे, सोपं जाईल तिला."

"ती नाही म्हणेल आत्या."

"कुणाला?" आत्यांनी विचारलं.

सियालेला एका जागी बसवत नसे. जेवतानासुद्धा ती ताट घेऊन दारात उभी राहायची. चर्चमध्ये खिडकीची जागा मिळाली नाही तर तिला घेरी यायची, खरीखुरी. वडील म्हणायचे, सोंग करते. मी तिला धरून बाहेर न्यायची आणि माडाखाली बसवायची. तिला मी त्या पंख्याखाली पांढऱ्या कोटात उभं केलं, नुसतं मनात, आणि तिथून तिला धरून बाहेर न्यायला कुणी नव्हतं.

"मी देत नाही," मी म्हटलं.

"काय म्हणालीस?"

"माझी आहे ती. मी देत नाही तुम्हाला."

आमच्या घराण्यात असं कुणी आत्याला म्हटलं नव्हतं. आत्या रागावतील, उठून थेट स्टेशन गाठतील, असं मला वाटलं. त्या उठल्या. कोटाची बटणं खालीवर लागली होती, ती सोडून सावकाश नीट लावली.

"ठीक. मग मी मागितलंच नाही," त्या म्हणाल्या. "या पंख्यात कोण काय बोललं, कसं कळणार?"

माझ्या तोंडून हे वदवून घ्यायलाच त्यांनी सियालेचं नाव काढलं होतं का, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्या खरंच तिला पाठवणार होत्या, असंच बहुतेक वेळा वाटतं. आत्या माया करायच्या, पण घेतलेली चटई त्या कधी रिकामी ठेवत नव्हत्या.

दुपारी समारंभाच्या जेवणात पेंडलबरीबाई घाईघाईनं आमच्या टेबलापाशी आल्या. "मग लाइने? हो ना?"

"हो बाई."

त्यांनी मला मिठी मारली. कुलगुरूंनी जाहीर केलं, टाळ्या झाल्या, डॉटनं दोन बोटं तोंडात घालून शिटी वाजवली. आत्या ताठ बसून ताटाकडे बघत होत्या.

"हा भोपळा रोज असतो?" त्यांनी हळूच विचारलं.

"रोज."

"देवा," आत्या म्हणाल्या आणि आपल्या ताटातला मासा माझ्या ताटात घातला.

सोमवारी मी कोट बदलून, हात धुऊन पुन्हा त्या खोलीत गेले. डॉक्टर झाले. कॅनडाची प्रयोगशाळा तळघरात होती. परत आले तोवर शाळेतली जागा भरली होती, आणि डॉक्टर झालेल्या बाईनं लहान मुलींना बेरीज शिकवावी हे कुणालाच पटलं नसतं. मी सरकारी शेती खात्यात गेले. तिथल्या भिंतीवर माझा तोच फोटो होता.

सियालेची नुकुअलोफात, आमच्या राजधानीत, बंदरासमोर बेकरी आहे. समोरची बाजू सगळी उघडी, वारा आरपार. तिला हे कधी कळलं नाही आणि मी सांगणारही नाही. रविवारी चर्चहून येताना मी तिच्याकडे थांबते. अजूनही ती बसत नाही, कोपर टेकून उभीच असते, आणि दर दोन-तीन रविवारी म्हणते, "तुझं बरं झालं गं ताई. तुला संधी मिळाली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

"खरंय," मी म्हणते. "पाव गरम आहे का अजून?"