वजीराच्या बादल्या

आमच्या चऱ्होलीत जमिनी विकून लोकांनी गाड्या घेतल्या. माझ्या मोठ्या दिरांनी, जयसिंगभाऊजींनी, शर्यतीचा बैल घेतला. त्याचं नाव वजीर. घरात आधी त्याचा खुराक ठरतो, मग आमच्या भाजीचं बघतात.

यंदा यात्रेच्या शर्यतीत वजीरानं मागचा पाय जरा ओढला, तर घरात कुणाला जेवण गेलं नाही. चाकणहून जनावरांचे डॉक्टर आले. महिनाभर विश्रांती, खाली मऊ वाळू, दोन्ही वेळा तेलाची मालीश आणि अंगावर अजिबात भार नको. भाऊजी मान डोलावत ऐकत होते. कीर्तनातसुद्धा त्यांचं इतकं लक्ष नसतं.

माझ्या जाऊबाई, कौशल्याबाई, पन्नाशीला आल्यात. त्यांचं अंग बाहेर येतं. खोकलं की साडी ओली होते, म्हणून त्या पाणी पीत नाहीत, लग्नकार्याला जात नाहीत. वजीराच्या पाण्याच्या बादल्या मात्र टाकीपासून गोठ्यापर्यंत त्याच वाहतात, कारण दुसऱ्या कुणाच्या हातचं तो पीत नाही, असं भाऊजींनी ठरवलंय. बैलाला कुणी विचारलेलं नाही.

शेवटी मीच त्यांना चिंचवडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गर्भाची पिशवी खाली सरकलीय, म्हणाल्या. आतून आधाराला रिंग बसवली, व्यायाम शिकवले आणि जड उचलायचं नाही, असं बजावलं.

"वय झालं की बायांचं आसं व्हतंच," भाऊजी म्हणाले. "आमची आय कधी गेली न्हाई डाक्टरकडं. वजीर बरा हुईस्तोवर जरा कळ काढ."

सासूबाई अखेरची काही वर्षं उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. का, ते त्यांना मुलानं कधी विचारलं नाही.

रविवारी चाकणचे बैलगाडामालक वजीराची तब्येत बघायला आले. भाऊजींनी त्यांना वाळू दाखवली, तेल दाखवलं. "मुकं जनावर हाय राव. त्याला कुठं बोलता येतं? आपुनच वळखाया लागतं."

जाऊबाई भरलेल्या बादल्या घेऊन तिथंच आल्या होत्या. त्यांनी त्या खाली ठेवल्या.

"मला येतं की बोलता," त्या म्हणाल्या. "माझं अंग भाईर येतंय म्हून कवापासनं सांगतीया. डाक्टरीणबाईंनी वजन उचलू नको म्हणलंय. ह्या बादल्या आता तुमी न्या."

पाहुणे खाली बघायला लागले. "वाळू चांगली हाय," एक जण म्हणाला.

"चार माणसांत आसलं बोलत्यात व्हय?" भाऊजी पुटपुटले.

"एकट्यात बोलून बघितलं की."

भाऊजींनी बादल्या उचलल्या. वजीर त्यांच्या हातचं पाणी गटागटा प्यायला.

आठवड्याच्या आत भाऊजींची कंबर धरली आणि गोठ्यात नळ आला. वजीरासाठी बसवलाय, असं ते गावभर सांगतात. जाऊबाई हसतात आणि आपले व्यायाम करतात. प्लंबरला अर्धा दिवससुद्धा लागला नव्हता. मला त्याचाच अजून राग येतो.