बी साइडवरचं पत्र

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. नुसती जुनी नाही, घरातल्या तीन कोरियन कॅसेटींतली थोरली. थोरलीला जरा मान लागतो, तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

माझा जन्म १९७७ साली सोल शहरातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात तपकिरी फीत गुंडाळली आणि डबीवर एका तरुणाचा फोटो लावला. केस खांद्यापर्यंत, गिटार कमरेच्याही खाली, आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाशी भांडण. त्याचं नाव बे संग-गिल, वय बावीस. तो रॉक गायचा, म्हणजे पत्र्यावर कानस घासावी तसा ओरडायचा. पण सुरात ओरडायचा, हे मी शपथेवर सांगते.

तिथल्या साहेबलोकांना ते ओरडणं खपलं नाही. गाण्यांवर बंदी आली. दुकानांतून माझ्या सख्ख्या बहिणी गोळा करून नेल्या, त्या पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत. मी वाचले, कारण जहाजबांधणीच्या गोदीतल्या क्वोन नावाच्या फोरमनने मला हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली दडवलं. अकरा वर्षं मी ग्रीसच्या वासात काढली.

१९८८ मध्ये त्या गोदीत शैलेंद्र गद्रे नावाचे मरीन इंजिनिअर आले. नवी बोट बांधून होईपर्यंत तिच्या इंजिनावर लक्ष ठेवायला कंपनीने त्यांना पाठवलं होतं. रत्नागिरीचा माणूस, कोरियन भाषेचा गंध नाही. पण जेवणाच्या सुट्टीत क्वोनने मला टेपवर लावलं की त्यांचा घास हातातच राहायचा. आठ महिन्यांनी निरोप घेताना क्वोनने मला त्यांच्या खिशात सरकवलं, आणि दोघंही हसले.

अशी मी सिंगापूरला, वुडलँड्समधल्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आले. शैलेंद्र, त्यांची पत्नी मधुवंती आणि मुलगी गार्गी, एवढंच कुटुंब. काय लाड झाले म्हणून सांगू! शेजारचे सुबोधकाका आले की शैलेंद्र मला लावत आणि म्हणत, "शब्द सोडा हो, आवाज ऐका." सुबोधकाका मान डोलवत आणि घरी जाऊन बहुधा डोकं दाबून घेत.

मधल्या काळात बे संग-गिलवरची बंदी उठली होती. त्याने केस कापले. आवाजही खाली उतरला. तो आता संथ, हळवी प्रेमगीतं गायचा आणि अख्खा कोरिया रडायचा म्हणे. बोट बुसान बंदराला लागली की शैलेंद्र त्याची नवी कॅसेट शोधत. माझ्या दोन धाकट्या बहिणी अशाच घरात आल्या. मी आधी नाक मुरडलं. पण धाकटीतलं शेवटचं गाणं ऐकताना माझ्याच गाण्यातला तो भांडखोर मुलगा मला त्यात सापडला, दमलेला आणि शहाणा झालेला. तेव्हा मला फार भरून आलं.

आता या घरातली एक रीत सांगते. शैलेंद्र एकदा बोटीवर गेले की सात-आठ महिने यायचे नाहीत. बंदरातून कधी फोन येई, पण तो घाईचा. म्हणून बोलकी पत्रं चालायची. मधुवंती एका साध्या कॅसेटवर खुशाली भरून कंपनीच्या ऑफिसात देई, ती पुढच्या बंदरात शैलेंद्रांना मिळे. ते ऐकत, त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरत आणि परत पाठवत. म्हणजे उत्तर यायचं, पण आधीचं पत्र पुसलं जायचं. मोठ्यांना त्यात काही वाटत नसे. सहा वर्षांच्या गार्गीला वाटे.

१९९१ची गोष्ट. दुसऱ्या दिवशी शैलेंद्र निघायचे होते. दुपारी घर रिकामं असताना गार्गीने मला बाहेर काढलं. माझ्यासारख्या कॅसेटींवर कुणी काही भरू नये म्हणून कडेची छोटी पट्टी मोडून खाच ठेवलेली असते. तिने तिथे सेलोटेप चिकटवली, आईचं बघून शिकली होती. बी साइडवरच्या शेवटच्या गाण्याचं पहिलं कडवं तिने होऊ दिलं आणि मग लाल बटण दाबलं.

"बाबा, हे गाणं तुम्ही रोज ऐकता, म्हणून मी यातच बोलते. हे तुम्ही पुसणार नाही. बाबा, तुम्ही बोटीवर असता तेव्हा मला कधीकधी तुमचा चेहरा आठवत नाही. आईला सांगू नका, ती रडेल. तुम्ही तुमच्या बोलण्याच्या पत्रात फक्त माझ्याशी बोला. आईशी नको. एकदाच."

बोलून झालं तरी लाल बटण फीत संपेपर्यंत तसंच राहिलं आणि उरलेलं गाणं पुसलं गेलं. मग तिने मला शैलेंद्रांच्या बॅगेत कपड्यांखाली ठेवलं. मित्रांनो, जगात माझ्याइतकी आनंदी कॅसेट त्या दिवशी दुसरी नसेल.

सकाळी गार्गी शाळेत गेल्यावर शैलेंद्रांनी बॅग तपासली. "अगं, ही ओरिजिनल इथे कशी आली? खारी हवा आणि इंजिनाची उष्णता, चार दिवसांत वाट लागेल हिची," असं म्हणून त्यांनी मला रुमालात गुंडाळलं आणि कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलं. बोटीसाठी त्यांनी माझी कॉपी कधीच करून ठेवली होती. ते कॉपी घेऊन गेले. प्रेमापोटीच कुलूप लावलं त्यांनी, त्यात खोट नव्हती.

गार्गी वाट बघत राहिली. बोलक्या पत्रात बाबा नेहमीसारखे आईशी बोलले, शेवटी म्हणाले, "गार्गी, अभ्यास कर." तिने पुढच्या दोन पत्रांपर्यंत धीर धरला. मग तिने कॅसेटवर बोलायचं सोडलं. हळूहळू ती घरातही इंग्रजीत उत्तरं देऊ लागली. मधुवंती म्हणायची, "शाळेचं वळण, दुसरं काय." खरं कारण मला ठाऊक होतं, पण कॅसेट स्वतःहून कधी बोलते का?

सहा वर्षं मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून होते. माझी कॉपी बोटीवरच्या टेपने चावून टाकली. घरात चकचकीत सीडी आल्या. कोरियात नाचणाऱ्या पोरांचे गट आले आणि बे संग-गिल टीव्हीवरून मागे पडला. मी विसरले गेले याचं दुःख मला थोडंच होतं. पोटातलं पत्र नासेल की काय, याचीच धास्ती होती.

१९९७ मध्ये बे संग-गिलच्या गाण्याला वीस वर्षं झाली. सिंगापुरातल्या कोरियन मंडळींनी एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. शैलेंद्र तेव्हा सुट्टीवर होते. कोरियन दुकानातल्या शिनबाईंनी त्यांना सांगितलं, की गायक आपली पहिली कॅसेट शोधतोय. शेवटच्या गाण्यात त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ गायला होता. तो आता नाही, आणि ते गाणं त्याच्याकडेही नाही.

"आमच्याकडे आहे," शैलेंद्र म्हणाले. मान ताठ झाली होती त्यांची.

रविवारी सकाळी बे संग-गिल शिनबाईंबरोबर आमच्या फ्लॅटवर आला. कानाजवळ पांढरे केस, हातात फळांची पेटी, दाराशी नीट काढून ठेवलेले बूट. माझ्या डबीवरचा फोटो बघून तो स्वतःलाच हसला. मधुवंतीने पोहे दिले. शैलेंद्रांनी मला टेपमध्ये घातलं, तशी बारा वर्षांची गार्गी आतून आली.

"बाबा, नॉट दॅट साइड. प्लीज ला." शेवटचं ते 'ला' सिंगापूरच्या शाळेतलं.

"अगं, त्याच साइडवर तर यांचं गाणं आहे."

पहिलं कडवं वाजलं. दोन तरुण आवाज. बे संग-गिलने डोळे मिटले. आणि मग खट्ट असा आवाज येऊन सहा वर्षांची गार्गी बोलू लागली.

शैलेंद्रांचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला. पत्र शेवटपर्यंत वाजलं. नंतर नुसती खरखर उरली.

"हे कधी भरलंस तू? मला सांगितलं का नाहीस?"

"आय थॉट यू हर्ड," गार्गी म्हणाली. मग खूप दिवसांनी मराठीत म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही ऐकलंत."

शिनबाईंनी हळू आवाजात पाहुण्याला सगळं सांगितलं. शैलेंद्र माफी मागू लागले, तर त्याने मान हलवली. मला बाहेर काढून त्याने नखाने ती सेलोटेप सोलली आणि मला गार्गीच्या हातात दिलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "भावाचं एक कडवं मिळालं. मला पुरे. हे कुणी पुसू नका."

पाहुणे गेल्यावर शैलेंद्रांनी एक कोरी कॅसेट काढली. मधुवंतीला म्हणाले, "तू जरा आत जा." गार्गीला समोर बसवलं आणि लाल बटण दाबलं. बोटीवर दोन दोन इंजिनं सांभाळणाऱ्या त्या माणसाला पहिलं वाक्य तीनदा भरावं लागलं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जरूर जपा. पण जपणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. कधीतरी आम्हाला बाहेर काढा, आमच्या दोन्ही बाजू ऐका. आम्ही झिजू, त्याची काळजी करू नका. आमच्या पोटात कुणाचं पत्र असेल, सांगता येत नाही.

त्या नव्या कॅसेटवर पहिलं वाक्य काय आहे, ते मी शेजारी पडून ऐकलं. "चिरंजीव गार्गी, तुझं पत्र पोचलं. उत्तराला फार उशीर झाला."