करडानं पळवलेली भाकर

मी शिरूर कासारची अंगणवाडी सेविका. धडधाकट पोराला कुणी कमजोर म्हटलं, की माझं डोकं फिरतं.

सटवाबाबांची नात संस्कृती सोळा महिन्यांची झाली, तरी पाऊल टाकत नव्हती. दवाखान्यात पाय ठणठणीत निघाले. आईबाप ऊस तोडायला गेले, तेव्हा बैलगाडीखाली येऊ नये म्हणून ती अख्खा हंगाम झोळीत होती. गावी आल्यापासून बाबांच्या कडेवर.

"पोर लई कमजोर हाय," बाबा म्हणाले.

"शेळीच्या करडाला कडेवर घेऊन चालायला शिकवता का? ठिवा तिला खाली!"

बाबांनी कुरकुरत तिला अंगणात बाजेशेजारी बसवलं. तेवढ्यात एका करडानं तिच्या हातातली भाकर पळवली. पोरगी किंचाळली. बाबा धावले, पण मी त्यांचा हात घट्ट धरला.

संस्कृती बाजेला धरून उठली. मग बाज सोडली, तीन पावलं टाकली अन् करडाच्या पाठीत धपाटा घातला.

बाबांचे डोळे भरून आले. "आता घिऊ का कडंवर?"

"तिलाच इचारा."

बाबांनी हात पुढं केले. पोरीनं त्यांनाही एक धपाटा घातला.