पाटीवरचं दुसरं नाव

डेल्फियाने अंगणातली निवडणूक प्रचाराची जुनी पाटी उपटली आणि नवी ठोकायला हातोडा उचलला. तेवढ्यात तिची नजर दिराच्या नावाखालच्या नावावर गेली.

"व्हिटकम? व्हर्लिन, हा तोच का?"

गव्हर्नरपदाचा उमेदवार व्हर्लिन व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता.

"तोच, वहिनी. माझ्याबरोबर उपगव्हर्नर म्हणून उभा राहतोय."

व्हिटकम म्हणजे खाण कंपनीचा वकील. डेल्फियाचा नवरा होबार्ट कोळशाच्या धुळीने छाती भरून खंगत चालला होता, तेव्हा भरपाईच्या सुनावणीत या गृहस्थाने गोड आवाजात सारा दोष सिगारेटवर ढकलला होता. होबार्टने जन्मात सिगारेट ओढली नव्हती. भरपाईचा हा कायदा मी बदलीन, असं व्हर्लिनने भावाला त्याच दिवशी वचन दिलं. त्या वचनावर अमेरिकेतल्या या केंटकी राज्याच्या डोंगरातल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि त्याच्या मतांसाठी डेल्फिया दारोदार हिंडली.

"शहरातली मतं त्याच्याकडे आहेत, ती नकोत का?" व्हर्लिन म्हणाला. "उपगव्हर्नरला काम तरी काय असतं? फिती कापायच्या, शाळेत बक्षिसं वाटायची. शोभेचं बाहुलं नुसतं!"

"मग दुसरं बाहुलं मिळालं नाही वाटतं?"

तो हसला आणि हसता हसता खोकायला लागला. खोकला थांबेना. खांबाला धरून, खांदे वर उचलून तो श्वास ओढत राहिला. भावाबरोबर तोही तरुणपणी खाणीत उतरला होता. डेल्फियाने हातोडा खाली ठेवला.

"रात्री झोपतोस कुठे?"

"म्हणजे?"

"पलंगावर, की खुर्चीत?"

त्याने नजर रस्त्याकडे वळवली.

"खुर्चीत," तो म्हणाला. "आडवं झालं की जीव घुसमटतो. डॉक्टर म्हणतो, वर्ष निघेल, फार तर दोन."

डेल्फियाला भडभडून आलं. याला तिने लग्न होऊन आली तेव्हापासून जेवू घातलं होतं. ती त्याच्याशेजारी बसली आणि होबार्टची चोळायची तशी त्याची पाठ चोळू लागली. गव्हर्नरची मुदत चार वर्षांची. गव्हर्नर मध्येच गेला की त्याच्या खुर्चीत उपगव्हर्नर बसतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

"व्हिटकमला माहीत आहे?"

"माहीत आहे म्हणून तर तयार झाला."

"आणि तू?"

"त्याच्याशिवाय मी निवडून येत नाही, वहिनी. खाणीतलं पोर गव्हर्नर झालं, एवढं एकदा बघायचंय मला." त्याचा आवाज लहान झाला. "उद्या सभेत माझ्याशेजारी उभी राहशील ना? लोक तुझं तोंड बघून मत देतात."

"राहीन. पण समोर माझ्यासारख्या विधवा बसलेल्या असतील. त्यांना आधी सांग, तू किती दिवसांचा आहेस आणि तुझ्यामागून कोण येणार आहे."

"तसं सांगितलं तर हरेन मी."

"हो रे," डेल्फिया म्हणाली, आणि त्याची पाठ चोळत राहिली.